प्रोपोलिसचे थेंब: नक्की असतं काय, आणि बाबांना द्यावेत का?

देवरुखकरीण

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक होणार आहे पण सगळं एकदाच लिहिते म्हणजे परत परत विचारायला नको. माझे बाबा सत्तरीच्या पुढचे, बायपास झालेली, रक्त पातळ राहायच्या गोळ्या चालू, शुगर बरीच जुनी. गेलं वर्षभर त्यांना सारखं तोंड येतंय, गालाच्या आतून आणि जिभेच्या कडेला, आलं की साधी आमटीसुद्धा झोंबते आणि मग दहीभातावर दिवस काढतात. आता झालंय असं की ओळखीतले एक काका घरी आले, ते कुठल्यातरी चेन मार्केटिंगमध्ये आहेत, त्यांनी प्रोपोलिसच्या थेंबांची बाटली आणून दिली आणि सांगितलं की तोंड येणं तर जाईलच पण शुगरची गोळीही सुटेल, कॅन्सरसुद्धा जवळ येत नाही वगैरे वगैरे. आमच्या परसात आजोबांच्या वेळेपासून सातेरीच्या (आपल्या देशी मधमाशीच्या) पेट्या आहेत, त्यामुळे मधमाशीचं आहे म्हटल्यावर बाबांनी घ्यायचं पक्कंच केलंय. मी कशीबशी बाटली माझ्याकडे ठेवून घेतलीय.

तर हे प्रोपोलिस म्हणजे मधाचाच प्रकार आहे का, त्यात असतं काय, तोंड येण्यावर खरंच उपयोग होतो का की सगळी जाहिरातबाजी आहे, आणि बाबांच्या गोळ्यांबरोबर चालेल का? आणि बाबांचा एक स्वतःचा प्रश्न, आपल्या पेट्यांमधूनच काढता येत असेल तर विकत कशाला घ्यायचं? जाणकारांनी प्लीज सांगा.

पेटीवाला_सांगोला

ताई, बाटली ठेवून घेतली ते बेस केलंत. औषधाचं मी बोलणार नाही, ते इथं शिकलेली माणसं आहेत ती सांगतील, मी माशीचं सांगतो. मी मेलिफेराच्या, म्हणजे युरोपातल्या मधमाशीच्या पेट्या सांभाळतो, डाळिंबाच्या बहाराला इकडं बागायतदारांना भाड्यानं देतो आणि थंडीत मोहरीला राजस्थानात नेतो.

प्रोपोलिस म्हणजे मध नव्हे, मेण नव्हे, आणि माशीच्या अंगातनं निघणारं तर मुळीच नव्हे. झाडाच्या सालीला जखम झाली नाहीतर कोवळा कोंब फुटायला लागला की जी राळ, जो डिंकासारखा चिकट चीक बाहेर येतो तो माशी जबड्यानं ओढून ओढून तोडती, आणि मागच्या पायाला जिथं पराग लावून आणती तिथंच त्याची गोळी लावून पेटीत येती. हे काम सगळ्या माश्या करत नाहीत, थोड्याच करतात, ते पण दुपारच्या उन्हात राळ मऊ झाल्यावर. पेटीत आल्यावर तिला स्वतःला ती गोळी काढता येत नाही, एका जागी बसून राहती आणि घरातल्या दुसऱ्या माश्या येऊन तिच्या पायावरनं चिमटा चिमटा ओढून घेतात, त्यात मेण मिसळतात आणि जिथं फट दिसंल तिथं लिंपतात. झाकणाच्या कडा, फ्रेमचे कान, दाराची भोकं, सगळं. माझ्या एका पेटीत पाल शिरून मेली होती, ती बाहेर ओढून न्यायला माश्यांना जमंना, तर त्यांनी अख्खी पाल शेपटीपासनं डोक्यापर्यंत राळेनं मढवून टाकली. वाळून खडखडीत झालेली पण पेटीला वास म्हणून नाही. म्हणजे जंतू मारायची ताकद त्यात हाय, ते माश्यांना माणसाच्या आधीपासनं ठाऊक हाय.

डिसेंबरच्या सकाळी पेटी उघडली की ही राळ काचेसारखी कडक असती, पटाशी घातली की कट् आवाज करून तुटती, आणि एप्रिलमध्ये तीच बोटाला अशी चिकटती की साबणानं निघत नाही. खोबरेल तेल चोळायचं नाहीतर सॅनिटायझर, त्यानंच निघती.

आता बाबांच्या प्रश्नाचं. सातेरी माशी प्रोपोलिस गोळा करतच नाही. तुमच्या पेटीत कडेला काळपट चिकट काहीतरी दिसत असंल पण ते जुनं मेण असणार. त्यामुळं सातेरीचं प्रोपोलिस म्हणून कोणी विकत असंल तर तिथंच हात जोडायचे. हे काम मेलिफेराचं, जी १९६२ ला हिमाचलातल्या नगरोटा बगवानला आपल्या देशात नीट रुजली तिचं. फुलोरी माशी थोडी राळ वापरती पण ती फांदीवर पोळ्याच्या दोन्ही बाजूला चिकट पट्टा मारायला, मुंग्या येऊ नयेत म्हणून. आणि त्या बारीक, डंख नसलेल्या माश्या असतात ना, जुन्या भिंतीत नाहीतर लाईटच्या मीटरच्या पेटीत घर करणाऱ्या, त्या तर राळेशिवाय घरच बांधत नाहीत.

औषधी_वनस्पती

पेटीवाले दादांनी मुळातलंच सांगितलं त्यामुळे माझं काम सोपं झालं. मी फार्मसी कॉलेजात शिकवतो, हाच विषय आहे.

रचनेबद्दल पुस्तकात जे ढोबळ आकडे देतात ते असे की साधारण ५० टक्के राळ, ३० टक्के मेण, १० टक्के सुगंधी तेलं, ५ टक्के पराग आणि उरलेल्या ५ टक्क्यांत साखर, खनिजं, जीवनसत्त्वं असं किरकोळ. पण हे आकडे वाचून फसगत होते कारण खरा खेळ त्या ५० टक्क्यांत आहे, आणि ती राळ कुठल्या झाडाची यावर सगळं अवलंबून. युरोपात माश्या काळ्या पॉप्लरच्या कळ्यांवरून राळ आणतात, त्यात पिनोसेम्ब्रिन, गॅलॅन्जिन, क्रायसिन अशी फ्लेव्होनॉइड्स गटातली वनस्पतीद्रव्यं आणि कॅफेइक अ‍ॅसिडची एस्टर्स असतात. ब्राझीलच्या मिनास जेराइसमध्ये बॅकॅरिस नावाच्या झुडपावरून आणतात, ते हिरवं प्रोपोलिस, त्यातलं मुख्य द्रव्य आर्टेपिलिन-सी. त्याच देशाच्या ईशान्य किनाऱ्यावर डाल्बर्जियाची लाल राळ, म्हणजे आपल्या शिसवाच्याच कुळातली, ते लाल प्रोपोलिस आणि त्याचं रसायन परत तिसरंच. आग्नेय आशियात आंब्याच्या झाडाची राळ सापडते. तिन्ही-चारही बाटल्यांवर नाव एकच, आतला माल वेगळा. मला वाटतं प्रोपोलिसबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही.

त्यामुळे होतं काय, की ब्राझीलमध्ये झालेला अभ्यास दाखवून इथे भलतीच बाटली विकली जाते. उदाहरण देतो. २०२१ मध्ये ब्राझीलच्या साल्वादोर शहरातल्या एका हॉस्पिटलचा अभ्यास छापून आला, कोविडचे १२४ पेशंट, काहींना नेहमीच्या उपचारांबरोबर रोज ४०० किंवा ८०० मिलिग्रॅम हिरवं प्रोपोलिस दिलं, त्यांचे हॉस्पिटलमधले दिवस कमी झाले. अभ्यास खराच आहे, पण एकाच हॉस्पिटलातला, कुणाला काय दिलंय हे डॉक्टर-पेशंट दोघांनाही माहीत, आणि वापरलेला अर्क ठरलेल्या प्रमाणाचा. तो कागद घेऊन कुणी देवरुखात थेंब विकायला आला तर त्या थेंबांचा आणि त्या अर्काचा संबंध काय हे विचारायलाच हवं. युरोपियन युनियनच्या अन्नसुरक्षा संस्थेपुढे, म्हणजे एफ्सापुढे, २०१० मध्ये प्रोपोलिसचे आरोग्याचे दावे गेले होते, ते मान्य झाले नाहीत, आणि त्यात एक मुद्दा हाच होता की ज्याचा दावा करताय तो पदार्थ नेमका काय हेच पुरेसं ठरलेलं नाही.

शुगरचं म्हणाल तर छोट्या छोट्या चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर उपाशीपोटीची साखर थोडी उतरते असं दिसलंय, पण ते चालू गोळ्यांबरोबर, गोळी सोडून नव्हे. गोळी सुटेल म्हणून सांगणं हे धोकादायक आहे आणि मला त्या काकांचा खरंच राग आला. कॅन्सरचं जे सांगतात ते प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीतल्या पेशींवरचं आहे, माणसांवरचं नाही. आणि मधुमेह किंवा कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे.

रक्त पातळ करायच्या गोळ्या: त्यातलं कॅफेइक अ‍ॅसिडचं एक एस्टर रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी एकमेकांना चिकटू देत नाही असं प्रयोगशाळेत दिसलंय. माणसात किती फरक पडतो हे औषधावर आणि डोसवर आहे, पण बायपास झालेल्या माणसाने पोटात घ्यायच्या आधी हार्टच्या डॉक्टरांना बाटली दाखवायचीच. कुठली गोळी चालू आहे, वॉरफॅरिन की क्लोपिडोग्रेल-अ‍ॅस्पिरिन? आणि बाटलीवर काय काय लिहिलंय तेही इथे टाका.

दात_आणि_हिरड्या

डेंटिस्ट आहे म्हणून लिहितेय. प्रोपोलिसचा सगळ्यात धडधाकट पुरावा तोंडाच्या आणि ओठांच्या बाबतीतच आहे, हे मोकळेपणाने सांगते. केमो किंवा रेडिएशन घेणाऱ्या पेशंटचं तोंड आतून सोलून निघतं, त्यात प्रोपोलिसच्या माउथवॉशने त्रासाची तीव्रता कमी झाल्याचं बऱ्याच चाचण्यांत दिसलंय. ओठावर ताप उठतो ना, हर्पिसचा, त्यावर युरोपात अर्धा टक्का प्रोपोलिसचं क्रीम नेहमीच्या असायक्लोविर क्रीमबरोबर ताडून पाहिलं, तेव्हा फोड लवकर भरले. दातावरचा प्लाक कमी होतो, हिरड्यांची सूज उतरते, असंही आहे. साध्या तोंड येण्यावर लहान अभ्यास आहेत, दुखणं कमी, फोड लवकर बरे. हे सगळं लावायचं किंवा चूळ भरून थुंकायचं, गिळायचं नाही. जीभ-दात पिवळट होतात थोडे दिवस, ते जातं.

पण ताई, मला बाबांचं तोंड का येतंय याचीच जास्त काळजी वाटतेय. शुगरला मेटफॉर्मिन चालू असेल आणि तीही वर्षानुवर्षं, तर बी१२ कमी होतं आणि मग तोंड येतं, जीभ लालबुंद गुळगुळीत होते, हे मी क्लिनिकमध्ये सतत बघते. हृदयाच्या पेशंटना निकोरॅन्डिल नावाची एक गोळी देतात, तिने तर चांगले खोल, हट्टी अल्सर होतात आणि कितीही मलम लावा, गोळी बदलल्याशिवाय जात नाहीत (स्वतःहून बंद करायची नाही हं, डॉक्टरच बदलतील). कवळी असेल तर तिची धार, एखादा तुटका दात गालाला घासणं, तंबाखू-मिश्री, हेही बघायला हवं. जिभेच्या कडेला एकाच जागी तीन आठवड्यांच्या वर राहिलेली जखम असेल तर तिच्यावर काहीही लावत न बसता सरळ दाखवायची, गरज पडली तर तुकडा तपासायचा. थेंबांनी दुखणं कमी झालं आणि त्या नादात हे तपासणं लांबलं तर ते नुकसान फार मोठं.

अजून एक, प्रोपोलिसवाल्यांच्या व्हिडिओत सांगतात की पडलेला दात प्रोपोलिसमध्ये ठेवा. प्रयोगशाळेत ते करून पाहिलंय पण तुमच्या मुलाचा दात खेळताना पडला तर गार दुधात टाकून पळत या.

रानजाई

माझ्यासारखी कुणी असेल तर म्हणून लिहिते. मला प्रोपोलिसच्या लिप बामने ओठ सुजून सालपटं निघायला लागली, त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर पॅच टेस्ट केली त्यात प्रोपोलिस आणि बाल्सम ऑफ पेरू (एका झाडाची सुगंधी राळ) दोन्ही आलं. ते म्हणाले दोघांत सारखी द्रव्यं आहेत त्यामुळे ज्याला एक चालत नाही त्याला दुसरंही बऱ्याचदा चालत नाही. आणि ही अ‍ॅलर्जी दुर्मिळ नाही, मधपाळांच्या हातांना होते, क्रीम-टूथपेस्टमधून होते. नॅचरल आहे म्हणून मी तीच जागा परत परत चोळत राहिले होते. तोंडात लावायच्या आधी निदान कोपराच्या आतल्या बाजूला रोज थोडं लावून काही दिवस बघा, लाली-खाज आली तर विषय संपला. दमा असेल किंवा मधमाशी चावल्यावर अंगभर गांधी येत असतील तर तेही करू नका.

देवरुखकरीण

सगळ्यांचे खूप खूप आभार, इतकं कुणी नीट सांगेल असं वाटलं नव्हतं. गोळ्या बघितल्या, क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन एकत्र आहे, निकोरॅन्डिल नाहीये, पण मेटफॉर्मिन आहे आणि ती खूप वर्षं चालू आहे. बी१२ कधीच तपासलेलं नाही. रत्नागिरीला लॅबमध्ये उद्याच पाठवतेय आणि डेंटिस्टची वेळही घेतली, जिभेच्या कडेचं बाबा म्हणतात की जागा बदलते, तरी दाखवणारच.

बाटलीवर एवढंच आहे: प्रोपोलिस एक्स्ट्रॅक्ट, मग "१०० टक्के नॅचरल", एफएसएसएआयचा नंबर, दिवसातून दोनदा १५ थेंब पाण्यातून. किती मिलिग्रॅम, कुठलं, कशात काढलंय काही नाही. वास घेतला तर स्पिरिटसारखा येतो. बाबांचं आता दुसरंच चाललंय, की मग मेलिफेरावाल्याकडून कच्चं आणून घरीच करूया.

औषधी_वनस्पती

स्पिरिटचा वास म्हणजे अल्कोहोलमधला अर्क, राळ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही म्हणून बहुतेक अर्क साधारण ७० टक्के इथेनॉलमध्येच काढतात. ते न सांगता विकणं चूकच, अर्धवट भरलेल्या फोडावर ते केवढं झोंबेल. एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर म्हणजे अन्नपदार्थ म्हणून परवाना, तो आहे म्हणून औषधी गुण सिद्ध होत नाही. प्रोपोलिस घ्यायचंच असेल तर लेबलवर झाडाचा किंवा देशाचा उल्लेख, अर्काचं प्रमाण, कशात काढलंय ते, फ्लेव्होनॉइड किंवा फिनॉलचं प्रमाण आणि शिशाची तपासणी झालीय का, एवढं तरी बघावं. चीनमध्ये पॉप्लरच्या कळ्या उकळून केलेला डिंक प्रोपोलिस म्हणून खपवल्याची प्रकरणं आहेत, दिसायला सारखाच, म्हणून रंग-वासावर जाऊ नका.

घरी करण्याबद्दल कळकळीने सांगतो, नको. पद्धत अवघड नाही, कच्चं प्रोपोलिस फ्रीजरमध्ये कडक करून कुटायचं, इथेनॉलमध्ये गडद बाटलीत आठवडा-दोन आठवडे रोज हलवत ठेवायचं, गाळायचं, मग फ्रीजमध्ये ठेवलं की उरलंसुरलं मेण खाली बसतं, परत गाळायचं. अडतं ते इथेनॉलवर. पिण्यालायक शुद्ध इथेनॉल तुम्हाआम्हाला एक्साइजच्या परवानगीशिवाय सहज मिळत नाही आणि मग माणसं मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट किंवा हार्डवेअरच्या दुकानातलं डिनेचर्ड स्पिरिट वापरतात. त्यात मिथेनॉल असू शकतं, ते पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. बाबांना हे स्पष्ट शब्दांत सांगा.

पेटीवाला_सांगोला

सरांनी शिशाचं काढलं म्हणून कच्च्या मालाबद्दल सांगतो, कारण मला पण फोन येतात की खरवडून द्या. पटाशीनं पेटीच्या कडेचं खरवडलं की त्यात लाकडाचा भुसा, माशीचे पाय-पंख आणि बाहेरच्या ऑइलपेंटचे पापुद्रे येतात, आणि माशीच्या अंगावर बसणाऱ्या वरोआ किड्यासाठी ज्यांनी औषधाच्या पट्ट्या लावल्यात त्यांच्या मेणात ते औषध उतरलेलं असतं. रस्त्याकडंच्या पेट्यांवर धूर-धूळ असती ती वेगळीच. खाण्यालायक प्रोपोलिस काढायचं तर फ्रेमच्या वर बारीक भोकांची प्लॅस्टिकची जाळी ठेवतात, माश्या ती भोकं बुजवतात, मग जाळी फ्रीजरमध्ये घालून पिळायची, स्वच्छ गोळ्या खाली पडतात. एका पेटीतनं वर्षाकाठी १०० ग्रॅमच्या आसपास, कधी ५०, लई झालं तर २००. बाजारात इतक्या बाटल्या कशातनं येतात याचा विचार करा.

आणि मी सगळं काढत पण नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात मार्ला स्पिवाक म्हणून माशीवाल्या बाई, त्यांच्याकडच्या अभ्यासात दिसलंय की पेटीत राळेचा लेप चांगला असला तर माशीच्या शरीराला जंतूंशी लढायला ताकद कमी खर्चावी लागती. आपण पेट्या आतनं रंधा मारून गुळगुळीत करतो त्यामुळं माश्या तिथं लेप देत नाहीत, फक्त फटी बुजवतात. मी आता नवीन पेट्या आतनं करवतीनं खरबरीत ठेवतो, तर भिंतीला चकाकणारा लेप धरायला लागलाय.

बाबांना सांगा सातेरी मध देती ते पुष्कळ हाय, शुगर हाय म्हणून तो पण बेतानंच. आणि तुमच्याकडं जुन्या वाड्याच्या भिंतीत त्या बारीक माश्या असतीलच, त्यांच्या राळेसाठी भिंत फोडायला निघाले तर अडवा, घर एकदा मोडलं की त्या परत तिथं बसतील याचा भरवसा नाही, आणि तेवढ्याशा घरातनं हाताला लागतं ते चमचाभर मेण-मातीच असती.